टॅब्लेटवरील ध्वनिमुद्रण : ॲपांची निवड व त्यांची जुळणी

हल्लीं आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं टॅब्लेट आलेला आहे. तो अभ्यासाच्या निमित्तानें घेतलेला असला, तरी त्यावर आपलें गाणें किंवा वादन मुद्रित करून ठेवावें ही इच्छा मुलांस होतेच; आणि ती इच्छा स्तुत्य आहे असें आम्हांस वाटतें. स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले म्हणजे "सर, गाणें रेकॉर्ड करायला कोणतें ॲप घेऊं?" हा प्रश्न आमच्या कानीं वारंवार पडूं लागतो. विचारणाऱ्या विद्यार्थ्याच्या टॅब्लेटवर त्या वेळीं बहुधा आठदहा ॲपें अगोदरच येऊन बसलेलीं असतात. मात्र पुरें झालेलें गाणें त्यांपैकीं एकांतहि सांपडत नाहीं. या स्थितीचें कारण काय व तिच्यावर उपाय कोणता, हें सांगण्याकरितां प्रस्तुत लेख लिहिला आहे.

दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वीं आपली चूक सांगून टाकावी हें बरें. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या शाळेचे वृद्ध संगीतशिक्षक सेवानिवृत्त होणार होते. शाळेच्या प्रार्थनागीताची चाल त्यांचीच; आणि ती त्यांच्या मुखांतून जशी येई, तशी दुसऱ्या कोणाच्याहि मुखांतून येत नसे. ती त्यांच्या आवाजांत टिपून ठेवावी असें सर्वांस वाटलें. निरोपसमारंभाच्या आदल्या दिवशीं आम्हीं त्यांस संगीताच्या खोलींत बसविलें, पेटीच्या वरच टॅब्लेट ठेवला, कोणी तरी चांगलें म्हणून सांगितलेलें एक ॲप उघडलें आणि बटण दाबलें. पंखा चालूच होता. गुरुजींनीं गीत मनापासून म्हटलें. दुसऱ्या दिवशीं ऐकून पाहतों तों पेटीचा सूर व भात्याची खटखट पुढें, गुरुजींचा आवाज मागें, पंख्याची घरघर सर्वांवर पसरलेली, आणि अंतऱ्यांतील वरचे स्वर फाटलेले! सर्व ध्वनि एकांत एक मिसळून गेल्यामुळें एक कमी करून दुसरा वाढवितां येईना.

त्यांत आणखी भर अशी कीं, तें मुद्रण आम्हीं त्या ॲपाच्या स्वतःच्या स्वरूपांतच राहूं दिलें. पुढें टॅब्लेटची प्रणाली नवी झाली आणि तें जुनें ॲप उघडेनासें झालें. हातीं राहिली ती फोनवरून कोणास तरी पाठविलेली एक संकुचित प्रत. एका मुद्रणांतून कंठ आणि वाद्यें निरनिराळीं काढणारीं साधनें आतां निघालीं आहेत. त्या प्रतीवर तींहि आम्हीं लावून पाहिलीं. परंतु जो स्वर मुद्रणाच्या वेळींच फाटला, तो त्यांस सांधतां आला नाहीं. मुद्रण झाल्यापासून दोनतीन वर्षांच्या आंत गुरुजींच्या घशावर शस्त्रक्रिया झाली व त्यांचें गाणें कायमचें थांबलें. जें काम पुन्हां केव्हां तरी नीट करूं असें आम्ही म्हणत होतों, तें करण्याची वेळ निघून गेली. यांत ॲपाचा दोष नव्हता. काम काय आहे याचा विचार न करितां साधन उचललें, हा दोष आमचा होता.

१. एका तबकडीपासून अनेक ट्रॅकांपर्यंत

ध्वनिमुद्रणाच्या आरंभकाळीं गायक, साथीदार आणि यंत्र यांस एकाच वेळीं एकाच ठिकाणीं हजर राहावें लागे. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहर जान यांचें गायन मुद्रित झालें, तेव्हां त्यांस एका भोंग्यापुढें गावें लागलें. आवाजाच्या कंपनांनीं मेणाच्या तबकडीवर रेषा कोरली जाई, आणि ख्याल असो वा ठुमरी असो, सुमारें तीन मिनिटांत ती आटोपावी लागे. चूक झाली तर दुसरी तबकडी घेऊन पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावयाचा.

पुढें चुंबकीय फीत प्रचारांत आली आणि एकाच फितीवर शेजारीं शेजारीं अनेक ट्रॅक मुद्रित करणें शक्य झालें. १९५७ सालीं अमेरिकेंतील गिटारवादक लेस पॉल यांस अँपेक्स कंपनीनें आठ ट्रॅकांचें यंत्र करून दिलें. पहिला ट्रॅक ऐकत ऐकत, त्याच्याशीं लय जुळवून, दुसरा ट्रॅक मुद्रित करण्याची सोय त्यांत होती. १९६७ सालीं प्रसिद्ध झालेली बीटल्स या इंग्रज वाद्यवृंदाची 'सार्जंट पेपर' ही तबकडी चार ट्रॅकांच्या यंत्रांवरच झाली. चार ट्रॅक भरले कीं त्यांचें मिश्रण दुसऱ्या यंत्रावर घेऊन उरलेली जागा मोकळी करीत. १९७९ सालीं साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घेणारें पोर्टास्टुडिओ हें यंत्र निघालें, आणि ही विद्या घरगुती कलावंताच्या आटोक्यांत आली.

एप्रिल २०१० मध्यें आयपॅड विक्रीस आला. त्याच वर्षीं गोरिलाझ या वाद्यवृंदाचे डेमन आल्बर्न यांनीं उत्तर अमेरिकेच्या दौऱ्यावर असतां 'द फॉल' हा गीतसंग्रह बहुतांशीं आयपॅडवर तयार केला, आणि तो २५ डिसेंबर २०१० रोजीं श्रोत्यांपुढें ठेवला. त्यांनीं वापरलेल्या ॲपांची संख्या वीसच्या आसपास होती. कोणी म्हणेल, मग आमच्या विद्यार्थ्याच्या आठदहा ॲपांस नांवें कां ठेवावीं? उत्तर असें कीं, त्या यादींतील प्रत्येक ॲपास एकेक काम नेमून दिलेलें होतें. एक ताल धरी, एक सूर लावी, एक गिटारच्या आवाजावर संस्कार करी. संख्या मोठी असली तरी गोंधळ नव्हता.

२. प्रथम काम, मग ॲप

टॅब्लेटवरील संगीताच्या ॲपांचे कामावरून पांच वर्ग पडतात.

पहिला वर्ग टिपणाचा. सुचलेली चाल विसरूं नये म्हणून ती झटपट नोंदून ठेवावयाची, एवढेंच काम असल्यास टॅब्लेटबरोबर आलेलें साधें रेकॉर्डर पुरेसें आहे. त्याकरितां दुसरें कांहीं शोधूं नये. अशा पुष्कळ साध्या ॲपांत आवाजाची पातळी आपोआप वरखालीं होत असते. बोलणें टिपण्यास ती योजना चांगली, पण गायकानें हेतुतः हळू घेतलेला स्वर ती मोठा करते. म्हणून पक्क्या कामास हा वर्ग उपयोगी नाहीं.

दुसरा वर्ग अनेक ट्रॅक मुद्रित करणाऱ्या ॲपांचा. ॲपलच्या टॅब्लेटवर गॅरेजबँड हें २०११ सालीं आलें. २०१७ पासून तें सर्वांस विनामूल्य मिळतें, आणि त्यांत ३२ पर्यंत ट्रॅक घेतां येतात. बँडलॅब, एन-ट्रॅक स्टुडिओ, एफएल स्टुडिओ मोबाईल व क्युबेसिस हीं ॲपलच्या आणि अँड्रॉइडच्या अशा दोन्ही प्रकारच्या यंत्रांवर चालतात. २०२३ सालीं आलेलें आयपॅडवरील लॉजिक प्रो हें अधिक समर्थ आहे, परंतु त्याची वर्गणी भरावी लागते. शाळकरी मुलास तें लागण्याचें कारण क्वचितच पडेल.

तिसरा वर्ग वाद्यांचा. यांत तंबोरा व तबला देणारीं आयतबला प्रो यासारखीं ॲपें येतात, तसेंच ऑर्गन, ड्रम, सिंथेसायझर यांचे ध्वनि उत्पन्न करणारीं ॲपें येतात. चौथा वर्ग संस्काराचा : घुमारा देणें, जाड किंवा तीव्र स्वर कमीअधिक करणें, आवाजांतील चढउतार आटोक्यांत ठेवणें इत्यादि. पांचवा वर्ग जोडणीचा : ऑडियोबस, एयूएम अशीं ॲपें स्वतः गात नाहींत किंवा वाजत नाहींत, एका ॲपाचा ध्वनि दुसऱ्यांत नेऊन सोडणें हेंच त्यांचें काम.

या पांचांपैकीं दुसऱ्या वर्गांतील एक ॲप आपली वही समजावी. इतर सर्व लेखण्या. लेखण्या कितीहि असोत, एका विषयाची वही एकच असावी. ज्याचें अर्धें गाणें एका ॲपांत व अर्धें दुसऱ्यांत पडलें आहे, त्याचें गाणें पुरें होत नाहीं, असा आमचा अनुभव आहे.

ही वही निवडतांना पुढील प्रश्न विचारून पाहावे. पहिले ट्रॅक ऐकूं येत असतां नवा ट्रॅक मुद्रित करतां येतो काय? आवाजाची पातळी आपल्या हातानें ठरवितां येते काय? चुकलेला तेवढाच भाग पुन्हां घेतां येतो काय? प्रत्येक ट्रॅक वेव्ह फाईलच्या रूपानें बाहेर काढतां येतो काय? कांहीं ॲपांत सर्व ट्रॅक एकदम निराळे मिळत नाहींत. तेव्हां बाकीचे ट्रॅक बंद करून एकेक बाहेर काढावा लागतो. तें कष्टाचें असलें तरी चालेल. पण मुळींच बाहेर काढतां येत नसेल, तर तें ॲप कितीहि देखणें असो, घेऊं नये. शेवटचा प्रश्न, इंटरनेट नसतां तें चालतें काय? गांवाकडील विद्यार्थ्यांनीं याचा विचार अवश्य करावा.

३. जोडण्याचे तीन मार्ग

पहिला आणि सर्वांत सोपा मार्ग म्हणजे वहीच्याच ॲपांत असलेलीं वाद्यें व संस्कार वापरणें. नवशिक्यानें येथूनच आरंभ करावा.

दुसरा मार्ग प्रत्यक्ष जोडणीचा. आयपॅडवर आरंभीं एका ॲपाचा ध्वनि दुसऱ्या ॲपांत घेण्याची सर्वसाधारण सोय नव्हती. डिसेंबर २०१२ मध्यें ऑडियोबस निघालें; त्यांत एका घरांत ध्वनि देणारें ॲप, मधल्या घरांत संस्कार करणारें, आणि शेवटल्या घरांत मुद्रण करणारें ॲप ठेवावयाचें अशी रचना होती. २०१३ सालीं ॲपलनें स्वतः 'इंटर-ॲप ऑडिओ' नांवाची सोय दिली, आणि २०१५ सालीं 'ऑडिओ युनिट' प्लगइनांची पद्धति आणली. तिच्यामुळें वाद्याचें किंवा संस्काराचें ॲप वहीच्या पोटांतच उघडतें, आणि गाणें पुन्हां उघडलें कीं त्याची सर्व मांडणी जशीच्या तशी परत येते. जुनी इंटर-ॲप पद्धति २०१९ सालीं ॲपलनें कालबाह्य ठरविली. अवघ्या सहा वर्षांत ही गति! जोडणीच्या युक्तीवर सर्व भार टाकूं नये, हा बोध यांतून घ्यावा. ही प्लगइनांची पद्धति ॲपलच्या यंत्रांपुरती आहे हेंहि लक्षांत ठेवावें.

तिसरा मार्ग फाईलचा. तंबोऱ्याच्या ॲपांत पांच मिनिटांचा सूर तयार करावा, तो वेव्ह फाईल करून वहींत आणावा, आणि एका ट्रॅकवर ठेवावा. हा मार्ग थोडा संथ आहे, परंतु तो कोणत्याहि टॅब्लेटवर चालतो. वेव्ह हें फाईलचें स्वरूप १९९१ सालचें असून तें आजहि लहानमोठीं बहुतेक सर्व ॲपें वाचतात. आम्ही विद्यार्थ्यांस हाच मार्ग अधिक सांगतों.

४. थोडें गणित

ज्यांस गणित रुक्ष वाटतें, त्यांनीं हा भाग अवश्य वाचावा. कारण पुष्कळ गाणीं येथेंच बिघडतात.

टॅब्लेट ध्वनीची अखंड रेषा ठेवीत नाहीं. तो दर सेकंदास हजारों वेळां ध्वनीचें माप घेऊन आंकडे लिहितो. मनुष्याच्या कानास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकूं येतो, आणि मापें त्याच्या दुपटीहून अधिक घ्यावीं लागतात. म्हणून सीडीकरितां सेकंदास ४४,१०० आणि चलच्चित्राकरितां ४८,००० मापें घेण्याचा प्रघात आहे. यांपैकीं एक संख्या आरंभींच ठरवावी आणि सर्व ॲपांत तीच ठेवावी. चांगलीं ॲपें स्वतःच रूपांतर करतात. परंतु एखाद्यानें तसें न करितां ४४,१०० ची फाईल ४८,००० च्या वेगानें वाजविली, तर ६० सेकंदांचें गाणें ५५ सेकंदांत संपतें, आणि पांढरी एकमधील गायन काळी एकच्याहि वर चढून बसतें. मग गायकास दोष देण्यांत अर्थ नाहीं.

प्रत्येक माप किती बारकाईनें लिहावयाचें हा दुसरा प्रश्न. १६ बिटांत ६५,५३६ पायऱ्या होतात. २४ बिटांत १,६७,७७,२१६. पायऱ्या पुष्कळ असल्यामुळें २४ बिटांत आवाज जरा खालच्या पातळीवर घेतला तरी त्याची नाजूकता जात नाहीं. म्हणून २४ बिट ठेवावे, आणि सर्वांत मोठा स्वर शून्य डेसिबलच्या मर्यादेपासून १२ डेसिबल खालीं राहील अशी पातळी ठरवावी. शून्यावर गेलेला स्वर फाटतो, आणि फाटलेला स्वर पुन्हां शिवतां येत नाहीं. आमच्या गुरुजींच्या अंतऱ्याचें असेंच झालें.

तिसरा प्रश्न विलंबाचा. टॅब्लेट मापें एकेक न पाठवितां त्यांचे गठ्ठे करून पाठवितो. गठ्ठा २५६ मापांचा असेल, तर ४८,००० च्या वेगास सुमारें ५ मिलिसेकंद जातात. १,०२४ चा असेल तर २१. ध्वनि हवेंतून सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो. म्हणजे २१ मिलिसेकंदांचा विलंब हा तबलजी सात मीटर दूर बसल्यासारखा झाला. मुद्रणाच्या वेळीं गठ्ठा लहान ठेवावा, मिश्रणाच्या वेळीं मोठा केला तरी चालतो. बिनतारी हेडफोनांत हा विलंब बहुधा १०० मिलिसेकंदांहून अधिक असतो. मिनिटास १२० मात्रांची लय धरल्यास एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. म्हणजे गायक मात्रेच्या एकपंचमांशानें मागें पडला! एवढ्याकरितां मुद्रणास तारेचा हेडफोन वापरावा.

हा विलंब विद्यार्थ्यांस घरीं मोजतां येईल. एका ट्रॅकवर मेट्रोनोमचे टोले ठेवावे. हेडफोन टॅब्लेटच्या मायक्रोफोनाजवळ धरून ते टोले दुसऱ्या ट्रॅकवर मुद्रित करावे. मग दोन्ही ट्रॅकांचीं चित्रें मोठीं करून टोल्यांमधील अंतर पाहावें. दुसरा ट्रॅक तेवढाच मागें सरकविला कीं लय जुळते.

५. दुसरा प्रयत्न

गेल्या वर्षीं शाळेच्या प्रार्थनागीताचें मुद्रण पुन्हां करण्याचें ठरलें. गुरुजी गाऊं शकत नव्हते, तरी शिकवूं शकत होते. त्यांनीं नववीच्या आठ मुलामुलींस तीन आठवडे ती चाल शिकविली. या वेळीं आम्हीं ॲपाचा विचार सर्वांत शेवटीं केला. प्रथम कागदावर लिहिलें : तंबोरा, समूहगान, पेटी, तबला, एकूण ट्रॅक चार. मग दिसून आलें कीं, अनेक ट्रॅक घेणारें एक ॲप व तंबोऱ्याचें एक ॲप, अशीं दोनच ॲपें पुरतात.

रविवारची सकाळ निवडली. म्हणजे घंटा नाहीं आणि वर्गांचा गलबला नाहीं. खोलींत सतरंज्या अंथरल्या, खिडक्यांस गोधड्या लावल्या, पंखा बंद केला. टॅब्लेट विमानांतील स्थितींत ठेवला, म्हणजे मध्येंच निरोपाची टिंगटिंग होऊं नये. तंबोरा लावतांना असें आढळलें कीं, आमची जुनी पेटी तंबोऱ्याच्या ॲपाहून किंचित् चढी आहे. अर्ध्या स्वराचे शंभर भाग कल्पून त्यांस सेंट म्हणतात. अशा सुमारें दहा सेंटांचा फरक होता. पेटी उतरवितां येत नाहीं. तंबोऱ्याचें ॲप चढवितां येतें. तें चढविलें, आणि मग पांच मिनिटांचा सूर फाईल करून पहिल्या ट्रॅकवर ठेवला.

पुढें मेट्रोनोम लावावा असें आम्हांस वाटत होतें. गुरुजींनीं मान हालविली. अंतऱ्याच्या शेवटीं या चालींत थोडें थांबावयाचें असतें. तें थांबणें टोल्यांत बसणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें. आमच्या संगीतांत साथ गायकाच्या मागून चालते हें खरें आहे, आणि पाश्चात्य पद्धतीचीं ॲपें वापरतांना तें विसरूं नये. म्हणून एक तात्पुरता ट्रॅक घेतला. गुरुजींनीं स्वतः पेटी वाजवीत, बसलेल्या घोगऱ्या आवाजांत शब्द पुटपुटत, सबंध गीताचा मार्ग आंखून दिला. टॅब्लेट या वेळीं पेटीवर न ठेवतां निराळ्या स्टुलावर ठेवला होता.

तो ट्रॅक हेडफोनांतून ऐकत मुलें गायलीं. सर्वांस हेडफोन कोठून आणावे? दोघां म्होरक्या मुलांस दिले, व बाकीचीं त्यांच्याकडे पाहून गायलीं. मुलें अर्धवर्तुळांत उभीं केलीं, मोठ्या आवाजाचीं मागच्या रांगेंत. त्यानंतर मुलांचें गायन ऐकत गुरुजींनीं पेटीची खरी साथ केली, आणि दहावींतील एका विद्यार्थ्यानें शेवटीं दादरा वाजविला. ४८,००० मापें व २४ बिट धरल्यास एका ट्रॅकास मिनिटाला ८.६४ मेगाबाइट जागा लागते. पांच मिनिटांच्या चार ट्रॅकांस सुमारें १७३. विद्यार्थ्यांनीं हा गुणाकार स्वतः करून पाहावा.

मिश्रण झाल्यावर गुरुजींस ऐकविलें. त्यांनीं डोळे मिटून सर्व ऐकलें, दुसरा अंतरा पुन्हां लावावयास सांगितला, आणि अगदीं हळू आवाजांत म्हणाले, "इथें मुलं श्वास चुकीच्या जागीं घेतात. एवढं पुन्हां घेऊं या." ट्रॅक निराळे असल्यामुळें मुलांचा तेवढाच अंतरा पुन्हां घेतां आला, पेटीस व तबल्यास हात लावावा लागला नाहीं. शेवटीं समूहगानास थोडासा घुमारा दिला, आणि काम संपविलें.

प्रत्येक ट्रॅक आरंभापासून शेवटापर्यंत सारख्या लांबीची वेव्ह फाईल करून ठेवला आहे. फाईलच्या नांवांत गीत, वाद्य, पट्टी आणि तारीख घातली आहे. एक प्रत टॅब्लेटवर, एक शाळेच्या संगणकावर, व एक शाळेबाहेर ठेवलेल्या डिस्कवर आहे. म्हणजे उद्यां तें ॲप बंद पडलें, तरी गीत बंद पडणार नाहीं.

तो तात्पुरता ट्रॅक पुसून टाकावयाचा होता. एका विद्यार्थिनीनें विचारलें, "सर, यांत गुरुजींचा आवाज आहे ना?" त्या घोगऱ्या पुटपुटण्यांत चाल स्पष्ट आहे, आणि अंतऱ्याच्या शेवटचें थांबणेंहि आहे. त्याची पांचवी फाईल केली. जुन्या, फाटलेल्या मुद्रणाच्या शेजारीं आतां तीहि ठेविली आहे.

६. पालकांस दोन शब्द

या छंदास फार खर्च येत नाहीं. विनामूल्य ॲपांत पहिलें वर्ष सहज निघतें. पैसे खर्चावयाचेच असल्यास प्रथम तारेचा चांगला हेडफोन घ्यावा, त्यानंतर एक मायक्रोफोन, आणि सर्वांत शेवटीं ॲप. कित्येक नव्या टॅब्लेटांस हेडफोनचें भोंक नसतें. तेव्हां योग्य तो जोड आधीं पाहावा. बाहेरील मायक्रोफोन किंवा यूएसबी यंत्र घेतांना तें आपल्या टॅब्लेटास चालतें काय व त्यास निराळी वीज लागते काय, हें दुकानांतच विचारावें. कांहीं ॲपें घेतांना फुकट असून पुढें दरमहा पैसे घेतात. मुलाच्या हातीं टॅब्लेट देण्यापूर्वीं तेवढें वाचावें. हेडफोनचा आवाज बेताचा ठेवण्याची संवय पहिल्या दिवसापासून लावावी.

आणखी एक गोष्ट. दुसऱ्याचा आवाज मुद्रित करावयाचा तो त्यास विचारून. आणि दुसऱ्याची रचना घरीं शिकण्यासाठीं गाणें निराळें, सर्व जगापुढें ठेवणें निराळें. १९५७ च्या कायद्याप्रमाणें आपल्या देशांत गीतकार व संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षेंपर्यंत टिकतो. मुलांस हें लहानपणींच ठाऊक असावें.

७. उपसंहार

विद्यार्थिमित्रांनो, या लेखाचा सारांश थोडक्यांत असा : आधीं काम कागदावर लिहा, वही एकच ठेवा, लेखण्या लागतील तेवढ्याच घ्या, मापांची संख्या सर्वत्र एक ठेवा, पातळी खालीं व तार हेडफोनास, आणि मूळ ट्रॅक साध्या फाईलींत तीन ठिकाणीं जपा.

या सुटींत प्रत्येकानें एक तरी मुद्रण करावें, अशी आमची इच्छा आहे. तुमच्या घरीं आजी जात्यावरची ओवी म्हणत असेल, आजोबा भजनाची जुनी चाल जाणत असतील. ती चाल कोठें लिहिलेली नसते, आणि ती म्हणणारा कंठ नेहमीं राहत नाहीं. पंखा बंद करा, टॅब्लेट त्यांच्यापासून दीड वीत अंतरावर ठेवा, पातळी पाहा, आणि त्यांस निवांतपणें गाऊं द्या. नवें ॲप पुढल्या वर्षीं मिळेल. तो आवाज मिळेलच असें नाहीं.